मुळशीकाठचा विसावा

विवाहाच्या रौप्यमहोत्सवाची आपल्या समाजातील रीत आता ठरून गेली आहे. चर्चमध्ये कृतज्ञतेची मिस्सा, वेदीपुढे वचनांचा पुनरुच्चार, मग हॉल, बँड, केक, नातलगांची भाषणे आणि रात्री उशिरा थकूनभागून घरी परतणारे उत्सवमूर्ती. यात गैर काहीच नाही. ज्यांच्या साक्षीने संसार मांडला त्यांच्याच साक्षीने परमेश्वराचे आभार मानावेत, हे उचितच आहे. परंतु या साऱ्या सोहळ्यात एक गोष्ट हमखास राहून जाते. ज्या दोघांसाठी एवढा खटाटोप, त्या दोघांना त्या दिवशी एकमेकांशी चार शब्द बोलायलाही उसंत मिळत नाही.

आमचा रौप्यमहोत्सव दहा वर्षांपूर्वी अशाच थाटात पार पडला. यंदा जानेवारीत विवाहाला पस्तीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा आम्ही उभयतांनी निराळा बेत आखला. रविवारची मिस्सा वसईत आपल्याच धर्मग्रामात झाली, फादरांचा आशीर्वाद घेतला आणि सोमवारी पहाटे दोन रात्रींच्या मुक्कामासाठी आम्ही पुणे जिल्ह्यातील मुळशीकडे निघालो. तेथे धरणाच्या जलाशयाकाठी एका शेतकरी कुटुंबाने आपल्या भातखाचराच्या वरच्या अंगाला दोनच माणसांपुरते एक कौलारू घर बांधले आहे. ते पाहुण्यांना भाड्याने देतात. हल्लीच्या भाषेत त्याला कॉटेज म्हणतात, आणि ‘फक्त जोडप्यांसाठी’ अशी त्याची ख्याती आहे.

बेत ऐकून शेजारीपाजारी गालांत हसले. या वयात जोडप्यांच्या घरात राहायला जायचे म्हणजे काय, असा त्या हसण्याचा अर्थ होता. वास्तविक नवविवाहितांना एकांत मागावा लागत नाही. सारे जग तो त्यांना आपणहून देऊ करते. एकांताची खरी गरज लागते ती पुढे. वडीलधाऱ्यांची आजारपणे, मुलांची शिक्षणे, घराच्या कर्जाचे हप्ते आणि धर्मग्रामातील नाना समित्या यांतून पार होता होता दोघांमधले बोलणे हळूहळू कामापुरते उरते. घरात शब्द कमी होत नाहीत. पण ते गॅसचा नंबर, विजेचे बिल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि शनिवारच्या लग्नाचे आमंत्रण एवढ्यातच संपतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या प्रबोधनपत्रात प्रेमाला वेळ आणि मोकळी जागा लागते, असे बजावून सांगितले होते. त्यात वयाची अट कोठेही घातलेली नाही.

संत मार्कच्या शुभवर्तमानात एक लहानसा प्रसंग आहे. प्रेषित आपली कामगिरी आटोपून परतले, तेव्हा लोकांची अशी रीघ लागली होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतस्थळी जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले. आपण हा प्रसंग पुष्कळदा एवढाच लक्षात ठेवतो. पण पुढे काय झाले? नाव किनाऱ्याला लागण्यापूर्वीच लोक पायवाटेने धावत तेथे पोहोचले होते, आणि त्यांना पाहून प्रभूला त्यांचा कळवळा आला. विसावा आणि कळवळा या दोन गोष्टी एकाच प्रसंगात का आल्या असाव्यात, याचा उलगडा आम्हांला मुळशीत होत गेला.

वसईहून घोडबंदर, पनवेल, द्रुतगती मार्ग असे करीत पुण्याचा चांदणी चौक गाठला की पश्चिमेकडे पौडचा रस्ता लागतो. भूगाव, भुकूम आणि पिरंगुट येथवर शहराने आपले पाय पसरलेलेच आहेत. इमारती आणि कारखाने पाठ सोडत नाहीत. मुळशी तालुक्याचे ठाणे पौड येथे आहे. ते मागे टाकल्यावर मात्र घरे विरळ होतात, डोंगर जवळ येतात आणि हवेत गारवा जाणवू लागतो. थोड्याच वेळात सह्याद्रीच्या कुशीत दूरवर पसरलेले निळे पाणी दिसते. पुण्यापासून हे अंतर जेमतेम पन्नास किलोमीटरचे. पण गाडीतून उतरल्यावर कानांना शांततेची सवय व्हायला अर्धा तास लागतो.

घर अगदी साधे आहे. काळ्या दगडाचा चौथरा, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी आणि पडवीत पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या दोन खुर्च्या. आत एक पलंग, एक मेज, भिंतीला खुंट्या आणि कोनाड्यात कंदील. दूरदर्शन संच नाही. मोबाइलची रेंज हवी असेल तर अंगणातल्या आंब्याखाली जाऊन उभे राहावे लागते. अंघोळीचे पाणी बंबात तापते. जेवण मालकांच्या घरून येते : तांदळाची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा, सांगितले तर गावठी कोंबडीचा रस्सा आणि शेवटी वाफाळता आंबेमोहोर भात. या भाताचा सुगंध झाकण उघडताच खोलीभर पसरतो. आम्ही वसईकर तांदळाची भाकरी खाऊनच वाढलो. तरी डोंगरातल्या त्या भाकरीची चव आमच्या समुद्राकाठच्या भाकरीहून वेगळी लागली.

पहिल्या संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी वीज गेली. मालक कंदील घेऊन आले आणि हसत म्हणाले, “काका, हे धरण मुंबईला वीज देतं, आणि आमच्याकडं कंदील.” मग पडवीच्या पायरीवर बसून त्यांनी आपल्या आजोबांची हकिकत सांगितली. आजोबा लहान असतानाच त्यांचे मूळ गाव पाण्याखाली गेले. हात लांब करून त्यांनी अंधारातल्या पाण्याकडे बोट दाखवले : घर तिकडे, आत.

त्या हकिकतीमागचा इतिहास प्रत्येक मराठी कुटुंबाला ठाऊक असायला हवा. मुंबईच्या गिरण्यांना आणि वाढत्या शहराला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे योजिले. पूर्वेकडे वाहणारे हे पाणी अडवून, बोगद्यातून पश्चिमेकडे वळवून, कोकणातील भिरा येथे सुमारे ५०० मीटर खाली सोडायचे आणि त्या वेगावर वीज निर्माण करायची, अशी ती योजना. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती अचाट होती यात शंका नाही. परंतु त्यासाठी खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावे आणि त्यांची उत्तम भातजमीन बुडणार होती. मावळ्यांनी नकार दिला. १९२१ सालच्या एप्रिलमध्ये, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी होते; याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली. पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियाही कामाच्या जागी जाऊन बसल्या आणि कित्येकींनी तुरुंगवास पत्करला. ज्या सावकारांकडे जमिनी गहाण होत्या, त्यांतील अनेकांना नुकसानभरपाईची रक्कम पुरेशी वाटली. नांगर धरणाऱ्याला मात्र जमिनीचे मोल पैशांत मोजता येईना. १९२४ सालापर्यंत लढा चालला आणि मोडला. १९२७ साली भिऱ्याची वीज वाहू लागली. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावरील आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्याला धरणाविरुद्धची जगातील पहिली चळवळ म्हटले आहे.

कंदिलाच्या उजेडात हे ऐकताना आम्हां दोघांना आपली वसई आठवली. १९८८ नंतरच्या काळात इमारतींचे जंगल आपल्या वाड्यांच्या सीमेवर येऊन थडकले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली आपण रस्त्यावर उतरलो होतो. आम्ही दोघे तेव्हा तरुण होतो, नुकतीच ओळख झालेली होती; एकाच मोर्चात चाललो होतो. मुळशीचा मावळा आणि वसईचा बागायतदार यांच्यात साठ-सत्तर वर्षांचे अंतर असले, तरी दोघांचा प्रश्न एकच होता : जमीन म्हणजे केवळ मालमत्ता आहे काय?

दुसरा दिवस आम्ही आसपासचा परिसर पाहण्यात घालवला. पहाटे जलाशयावर धुक्याची दुलई पसरलेली असते. डोंगरांची शिखरे तेवढी वर तरंगताना दिसतात. ऊन चढू लागले की धुके विरते आणि काठावर बगळे, पाणकावळे, खंड्या आपापल्या जागी येऊन बसतात. न्याहारी उरकून आम्ही ताम्हिणी घाटाकडे निघालो. मुळशीहून कोकणात माणगावच्या बाजूला उतरणारा हा घाट पावसाळ्यात शेकडो धबधब्यांनी भरून जातो आणि तितकाच पर्यटकांनीही. जानेवारीत तेथे गर्दी नसते. डोंगरउतारावरचे गवत सोनेरी झालेले असते आणि दऱ्यांतील झाडी मात्र गर्द हिरवी राहते. २०१३ साली येथील जंगल अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचे मानचिन्ह असलेली मोठी खार, या झाडीत उंच शेंड्यांवर घरटी बांधते. आम्हांला घरटे दिसले, शेकरू दिसले नाही.

ताम्हिणी गावाजवळ विंझाई देवीचे मंदिर आहे. या भागात गावोगावी देवाच्या नावाने राखलेल्या राया आहेत. देवराईतील झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, हा पूर्वजांचा नेम. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला आणि जे वृक्ष अन्यत्र नाहीसे झाले ते येथे टिकून असल्याचे दाखवून दिले. आपली श्रद्धा निराळी असली, तरी देवाची म्हणून एखादी जागा माणसाच्या हावेपासून वेगळी राखावी, हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. लेवीय पुस्तकात सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याची आज्ञा आहे. योगायोग असा की, या डोंगरांवर माजणारी कारवीही साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते. पूर्वी तिच्याच काठ्यांच्या कुडाला माती लिंपून येथील घरांच्या भिंती होत असत.

ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. पिंपरीच्या पुढे अंधारबनाची वाट लागते. दाट झाडीमुळे दुपारीही तेथे सावली असते, म्हणून हे नाव. एकोले गावावरचा घनगड, पेठ शहापूरचा कोराईगड आणि जलाशयावर नजर ठेवून असलेला कैलासगड हे किल्ले तरुण जोडप्यांनी अवश्य चढावेत. घाट उतरून भिऱ्याला गेले की देवकुंडाचा धबधबा आहे. मात्र तो आणि घाटातील ओढे पावसाळ्यात जिवावर बेततात. तेव्हा प्रशासनाची मनाई असेल तर ती पाळावी. आणखी खाली कोलाडला कुंडलिका नदीत तरुण मंडळी रबरी तराफ्यांतून वाहत्या पाण्याचा थरार अनुभवतात. ते पाणी असते याच मुळशीचे, वीज करून सोडून दिलेले. आम्ही मात्र घाटमाथ्यावर एका दगडावर बसून डबा खाल्ला आणि दरीत फिरणाऱ्या घारी पाहिल्या.

याच तालुक्यातील दुसऱ्या खोऱ्यात लवासा नावाचे नियोजित नगर उभे राहिले. इटलीतील एका किनारी गावाच्या धर्तीवर रंगवलेल्या इमारती तेथे तळ्याकाठी ओळीने उभ्या आहेत. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याच्या बांधकामाला स्थगिती दिली आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आम्ही तेथे गेलो नाही. ज्या खाचरात भात पिकतो त्याच खाचराच्या बांधावर, मालकाच्या चुलीच्या धुराच्या टप्प्यात असलेले आमचे दोन खुर्च्यांचे घर आम्हांला अधिक भावले.

त्या दुसऱ्या संध्याकाळी आमच्या मुक्कामाचे खरे काम झाले. आमची वसईला वडिलोपार्जित वाडी आहे. फार मोठी नव्हे. नारळ, केळी, थोडा मोगरा, एक विहीर आणि कडेला एक बावखल. दोन्ही मुले परदेशी स्थायिक झाली आहेत. वाडीला मागणी येत असते. आमच्यापैकी एकाचे मत, अंगात बळ आहे तोवर ती विकून मोकळे व्हावे, मुलांमागे कटकट ठेवू नये. दुसऱ्याचे मत, आपण आहोत तोवर तिला हात लावू नये. दोन वर्षे हा प्रश्न घरात होता. पण जेवणाच्या टेबलावर तो निघाला की कोणीतरी उठून पाणी आणायला जाई, किंवा फोन वाजे, किंवा जपमाळेची वेळ होई.

पडवीत उठून जायला कारणच नव्हते. फोन वाजणार नव्हता. समोर ते पाणी होते, आणि पाण्याखाली कोणाची तरी खाचरे होती. प्रथम बराच वेळ आम्ही गप्पच बसलो. मग विकण्याच्या बाजूचे मत पूर्णपणे मांडले गेले. त्यात कंटाळा नव्हता, तर म्हातारपणी एकट्या उरलेल्या जोडीदारावर मजुरांचा, विहिरीचा आणि कज्जेदलालीचा भार पडेल, ही भीती होती. दुसऱ्या बाजूचेही मत पूर्णपणे मांडले गेले; त्यात हट्ट नव्हता, तर लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी ज्या मोगऱ्याच्या ओळीत उभे करून पहिल्यांदा ‘बाळ’ म्हटले होते, ती ओळ होती. पस्तीस वर्षांच्या सहवासानंतरही यातले निम्मे एकमेकांना नवे होते. ज्याला आपण मतभेद समजत होतो, त्याच्या तळाशी दोन्हीकडे एकमेकांविषयीची काळजीच निघाली.

निर्णय एकदम झाला नाही. एवढे ठरले की वाडी तूर्त राहील, बावखल बुजवू द्यायचे नाही, येत्या नाताळात मुले येतील तेव्हा सातबारा समोर ठेवून चौघांनी बसायचे, आणि तोवर येणाऱ्या दलालाला दोघांनी मिळून एकच उत्तर द्यायचे. मग आम्ही तेथेच जपमाळेची प्रार्थना केली. बुडालेल्या गावांतील मृतात्म्यांसाठीही एक दशक म्हटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी मालकीणबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा आमच्यापैकी एकीने त्यांना खुर्चीवर बसण्याचा आग्रह केला आणि त्यांच्या यजमानांनाही बोलावले. दोघे संकोचत बसले. बाई पाण्याकडे पाहून म्हणाल्या, “धरण रोजच बघतो हो काकू. पण असं दोघांनी बसून कधी बघितलंय!” घर बांधून चार वर्षे झाली, पाहुण्यांसाठी मांडलेल्या त्या खुर्च्यांवर ती दोघे त्या दिवशी प्रथमच एकत्र बसली होती. शनिवार-रविवार पाहुणे, बाकीचे दिवस शेत आणि म्हशी. पाहुण्यांचा विसावा त्यांच्या कष्टावर उभा असतो. आम्ही आत जाऊन कप विसळले आणि सामान भरायला मुद्दाम वेळ लावला.

निर्गम ग्रंथात शब्बाथाची आज्ञा आहे, ती केवळ घरधन्याच्या आरामासाठी नाही. त्या दिवशी बैल आणि गाढव यांनाही विसावा मिळावा, दासीच्या मुलाला आणि परक्यालाही हुशारी वाटावी, असे तिचे कारण दिले आहे. २०१५ सालच्या ‘लौदातो सी’ या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी याच आज्ञेची आठवण करून दिली होती : खरा विसावा माणसाचे डोळे उघडतो आणि त्याला इतरांच्या हक्कांची जाणीव करून देतो. नाव किनाऱ्याला लागण्यापूर्वी लोक तेथे का पोहोचले होते, हे आता आम्हांला थोडेफार समजते. एकांतात गेलेल्या माणसाच्या दृष्टीला सवड मिळते, आणि मग गर्दीत जे दिसत नव्हते ते दिसू लागते. आधी शेजारी बसलेला जोडीदार, आणि मग चहा घेऊन येणारी बाई.

वाचकहो, मुळशीलाच जा असा आमचा आग्रह नाही. जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, भाडे आधी ठरवून घ्या, घासाघीस करू नका, त्यांच्या चुलीवर शिजेल ते आनंदाने खा आणि प्लॅस्टिकचा कचरा आपल्या पिशवीतून परत आणा. ज्यांना तेवढा खर्च झेपत नसेल त्यांना आपल्या वाडीतल्या विहिरीचा काठही पुरेल; अट एवढीच की फोन घरात ठेवावा आणि दोघांनी एकत्र बसावे. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंब समित्या विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग नेमाने घेतात. वीस-तीस वर्षे संसार केलेल्या जोडप्यांसाठीही त्यांनी वर्षातून एखादा असा दिवस योजावा, अशी आमची विनंती आहे.

मुळशीच्या त्या उभयतांना आम्ही मे महिन्यात वसईला येण्याचे आमंत्रण दिले आहे. म्हशींचे काय करायचे, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. धाकटा दीर दोन दिवस सांभाळेल असे आता ठरले आहे. समुद्र त्यांनी अजून जवळून पाहिलेला नाही. आम्ही दोन खुर्च्या तयार ठेवल्या आहेत.